बांगरचे २३६ चेंडू ईए क्रिकेट २००७ मध्ये खेळता येतात का?

क्रिकेटचा गेम चांगला की टुकार, हे लोक खेळाडूंच्या चेहऱ्यांवरून, गवताच्या पात्यांवरून आणि गॅलरीतल्या गर्दीवरून ठरवतात. ठरवू द्या. माझी मोजपट्टी बीडची आहे.

२२ ऑगस्ट २००२, हेडिंग्ले. आभाळ भरलेलं, चेंडू हलणार हे सगळ्यांना दिसत होतं, तरी गांगुलीने टॉस जिंकून फलंदाजी घेतली. सेहवाग ८ वर गेला. दुसऱ्या टोकाला सलामीला ढकललेला संजय बांगर, जन्म बीडचा. त्याने २३६ चेंडू खेळून ६८ केले. द्रविडबरोबर १७० ची भागी. चेंडू जुना झाला, गोलंदाज दमले आणि मग द्रविड १४८, तेंडुलकर १९३, गांगुली १२८, ८ बाद ६२८ वर डाव घोषित, एक डाव आणि ४६ धावांनी विजय. तीन शतकांच्या सावलीत ते ६८ कुणाला आठवत नाहीत, पण पाया त्यांनीच घातला.

मग कुठलाही क्रिकेट गेम समोर आला की मी एकच गोष्ट बघतो. हा डाव यात खेळता येईल का? चेंडू सोडण्याला या गेममध्ये काही किंमत आहे का?

आता ईए क्रिकेट २००७. ईए म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी. गेम आला नोव्हेंबर २००६ मध्ये, बनवला कॅनडाच्या एचबी स्टुडिओजने, पीसी आणि प्लेस्टेशन २ साठी. त्यानंतर ईएने क्रिकेटचा मोठा गेम काढलाच नाही. तरी आजही लातूरला नीट-जेईईच्या खोल्यांवर, नांदेडच्या हॉस्टेलांत, संभाजीनगरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या जुन्या लॅपटॉपवर हाच सापडतो. जुनी आठवण हे कारण असेलच, पण जी पोरं २००६ नंतर जन्मली तीही हाच खेळतात. त्यामागचं कारण साधं आहे. चार जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर हा विनातक्रार पळतो, आणि पेन ड्राइव्हवर मावतो. ४० जीबीचा एखादा नवा गेम रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर उतरवायला बसलात तर २७ दिवस लागतील, तेही त्या २७ दिवसांत दुसरं काहीच न बघता.

पण नुसता हलका आहे म्हणून गेम वीस वर्षं टिकत नाही. याचं खरं बळ फलंदाजीच्या रचनेत आहे. ईएने त्याला सेंच्युरी स्टिक म्हटलं होतं. गेमपॅडच्या डाव्या स्टिकने पाय ठरवायचा, पुढे की मागे. उजव्या स्टिकने फटक्याची दिशा. म्हणजे दोन निर्णय, दोन अंगठे, आणि दोन्हींची वेळ वेगळी. पाय आधी, बॅट नंतर. मैदानावर कोच ओरडून ओरडून हेच सांगत असतो. कीबोर्डवर मात्र यातली निम्मी मजा जाते, कारण बाणांच्या चार कळांतून आठच दिशा निघतात, आणि कव्हर व पॉइंटच्या मधली चिंचोळी जागा काढायची म्हटलं की हात बांधल्यासारखे होतात. त्यात स्वस्त कीबोर्डची एक खोड. दोन बाण आणि एक अक्षर अशा तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी कधीकधी नोंदवलीच जात नाही. पोरं म्हणतात गेमने दगा दिला. दगा कीबोर्डने दिलेला असतो. नोटपॅड उघडा, वरचा आणि डावा बाण दाबून धरा आणि फटक्याचं अक्षर दाबा. अक्षर उमटलं नाही तर कीबोर्ड बदला, नाहीतर गेमच्या सेटिंगमध्ये फटक्याची कळ दुसऱ्या जागी न्या.

पॅड घेणार असाल तर चार-पाचशेचा साधा यूएसबी पॅडही चालतो, फक्त त्यावर मधोमध ‘ॲनालॉग’ लिहिलेलं बटण असतं ते बघा. बटण दाबलं की लाल दिवा लागतो. दिवा बंद असेल तर डावी स्टिक नुसत्या बाणांसारखी वागते आणि उजवी स्टिक बहुतेक पॅडांवर बटणांचं काम करते. निम्म्या लोकांचा ‘उजव्या स्टिकने शॉटच लागत नाही’ हा आजार त्या एका दिव्याने बरा होतो. नव्या गेमांची गोष्ट उलटी. त्यांना एक्सबॉक्सच्या पद्धतीचा पॅड लागतो, जुन्या पद्धतीचा पॅड त्यांना दिसतच नाही. दोन्हींत खेळायचं असेल तर मोड बदलता येणारा पॅड घ्या.

दुसरं बळ आत्मविश्वासाच्या पट्टीचं. फलंदाज नवा आला की पट्टी रिकामी, धावा निघाल्या की भरत जाते, आणि भरली की त्याच टायमिंगचे फटके जास्त चांगले जातात. कल्पना अस्सल क्रिकेटची आहे. आपण ‘सेट झाला’ म्हणतो ना, तेच. फक्त ही पट्टी धावांनी भरते. बांगर सेट झाला होता तो चेंडू बघून, सोडून, थांबवून. तसं सेट होणं या पट्टीला फारसं कळत नाही. इथेच गेमचं पहिलं पाप सुरू होतं.

दुसरं पाप त्याहून मोठं. समोरचा गोलंदाज धावत येत असतानाच खेळपट्टीवर टप्प्याची खूण दिसते. चेंडू कुठे पडणार हे हातातून सुटायच्या आधी कळलेलं असतं. मग लेंग्थ ओळखणं हा प्रकारच उरत नाही. खूण जवळ दिसली की पुढे, आखूड दिसली की मागे, आणि बाकी सगळं टायमिंग. क्रिकेटमध्ये फलंदाज फसतो तो याच अर्ध्या सेकंदात. १४० च्या वेगाचा चेंडू क्रीज ते क्रीज १७.६८ मीटर जायला अर्धा सेकंदच घेतो, आणि त्यातला पहिला तुकडा लेंग्थ वाचण्यात जातो. तो तुकडा गेमने फुकट वाटून टाकला. ज्याला टप्पा आधीच माहीत आहे तो चेंडू कशाला सोडेल? दोघं-तिघं मिळून खेळत असतील आणि एखाद्याने ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडला तर मागून आवाज येतोच, “कामून सोडला रे, मार की!” त्या पोराचं काही चुकत नाही. गेमने त्याला तेच शिकवलंय.

तिसरी गोष्ट, कॉम्प्युटरचा संघ. कसोटी लावा आणि बघा. त्यांचे फलंदाज पहिल्या तासापासून वनडेच्या वेगाने मारतात, गडी पडले तरी मारतात, तीनशे मागे असले तरी मारतात. सामना वाचवणं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात घातलेलीच नाही. त्यामुळे तुमच्या गोलंदाजीला संयम लागत नाही, आणि पाचवा दिवस क्वचितच उजाडतो. कडा लागून स्लिपमध्ये झेल जाणं, कीपरच्या हातात जाणं, हेही मूळ गेममध्ये कमी. बाद होण्याचे प्रकार फिरून फिरून तेच. नव्या चेंडूने तीन स्लिप, एक गली लावून बसावं आणि तिकडे चेंडूच येऊ नये, यासारखा कंटाळा दुसरा नाही.

गोलंदाजीत मात्र काही गोष्टी नीट आहेत. टप्पा निवडा, मग मीटरवर योग्य क्षणी बटण सोडा. उशीर केलात तर नो बॉल. लोभ आणि शिस्त यांची ही छोटी कुस्ती दर चेंडूला होते, आणि ती छान आहे. फिरकीत तर मला वेगवान गोलंदाजीपेक्षा जास्त मजा वाटते, कारण तिथे एका षटकात सहा वेगळे टप्पे टाकून कॉम्प्युटरला पुढे-मागे नाचवता येतं. तरी चार-पाच षटकांत त्याची दुखरी नस सापडते आणि मग तोच टप्पा परत परत टाकायचा मोह होतो. तो मोह आवरा, नाहीतर गेम दोन दिवसांत संपेल.

समालोचन रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचं. आवाजाला तोड नाही. वाक्यं मोजकी असल्याने आठवड्यात तोंडपाठ होतात ही गोष्ट वेगळी.

नियमही त्या काळातच गोठलेले आहेत. वनडेतली फ्री हिट ऑक्टोबर २००७ पासून आली, म्हणजे गेमनंतर. डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयावर दाद मागायची सोय, नाही. आयपीएल २००८ ची, त्यामुळे मूळ गेममध्ये तीही नाही. सगळ्या संघांचे परवाने ईएकडे नव्हते, आणि २००७ च्या विश्वचषकाचा अधिकृत परवाना कोडमास्टर्सच्या ब्रायन लारा मालिकेकडे होता. ही सगळी भोकं नंतर हौशी लोकांनी बुजवली. दर आयपीएलला नवे कपडे, नवे संघ, नवे चेहरे बनवून फुकट वाटणाऱ्या या मंडळींना कुणी पगार दिला नाही. गेम जिवंत राहिला तो त्यांच्यामुळे.

पण पॅच, म्हणजे या हौशी लोकांनी बनवलेल्या बदललेल्या फाइल, टाकताना लोक जे घोळ घालतात ते ठरलेले आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

गेम प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. विंडोज त्या जागी फाइल बदलू देत नाही, किंवा बदललेली फाइल गुपचूप दुसरीकडे नेऊन ठेवते, आणि तुम्ही म्हणता पॅच लागला पण गेममध्ये काहीच दिसत नाही. डी ड्राइव्हवर साधा फोल्डर करा. पॅच टाकायच्या आधी अख्खा गेम फोल्डर कॉपी करून बाजूला ठेवा, कारण एक पॅच काढून दुसरा टाकणं म्हणजे शाईवर शाई. आधीच्याच्या फाइल उरतात आणि मग फलंदाजाचे पॅड गायब, अंपायरला मुंबईची जर्सी असले चमत्कार होतात. दर नव्या पॅचला मूळ स्वच्छ कॉपीपासून सुरुवात करा. खेळाडूंची नावं आणि गुण रोस्टर फाइलमध्ये असतात, चेहरे आणि कपडे वेगळ्या फाइलमध्ये. रोस्टर एका पॅचचा आणि चेहरे दुसऱ्याचे घेतले तर बुमराहच्या धडावर भलतंच तोंड येतं. रोस्टर नुसता फोल्डरात टाकून भागत नाही, गेम उघडून आतल्या मेनूतून तो लोडही करावा लागतो. आणि एखादी स्पर्धा अर्धी झालेली असेल तर ती संपवा, मग रोस्टर बदला.

मूळ डिस्क जपून ठेवली असेल त्यांनाही अडचण येऊ शकते. त्या काळातल्या अनेक गेम डिस्कांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. त्याला लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून २०१५ मध्येच काढला, त्यामुळे डिस्क चांगली असूनही असे गेम उघडत नाहीत. म्हणून लोक नेटवरच्या कॉपी शोधतात, आणि तिथे ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलेलं असतं. ते वाक्य दिसलं की पान बंद करा. घरच्या ज्या लॅपटॉपवर वडिलांचं बँकेचं काम चालतं त्यावर तर अजिबात नको. आणखी एक, रुंद स्क्रीनवर सगळे खेळाडू जाडजूड दिसतात कारण गेम ४:३ च्या जुन्या चौकोनी पडद्यासाठी बनला होता. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये स्केलिंग ‘मेंटेन आस्पेक्ट रेशो’ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, पण कुंबळे कुंबळेसारखा दिसेल.

आता टायमिंग. सगळ्यात जास्त शिव्या गेमला यावरून बसतात आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या पत्त्यावर जातात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, चालल्या तर अर्ध्या सेकंदाच्या चेंडूला ३० फ्रेम मिळतात. ३० वर आलं तर १५. म्हणजे चेंडू बघायचे तुकडे निम्मे. गेममध्ये चेंडूचा वेळ थोडा ताणलेला असतो, पण हिशेब तोच. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला आणि टीव्हीवर गेम मोड चालू केला नाही तर चित्र १०० मिलिसेकंद मागे पडू शकतं. १४० चा चेंडू तेवढ्यात साडेतीन-चार मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे गुड लेंग्थच्या टप्प्यापासून बॅटपर्यंतचं जवळपास अर्धं अंतर. तुम्ही बघताय तो चेंडू तिथे नाहीच. आपल्याकडे आणखी एक खास कारण. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, विंडोज आपोआप वीज वाचवायला लागते, प्रोसेसर मंदावतो, फ्रेम गळतात, आणि चाळीसवर सेट असलेला गडी पुढच्याच षटकात त्रिफळाचीत. दुपारच्या लोडशेडिंगमध्ये खेळायचं असेल तर पॉवर प्लॅनमध्ये बॅटरीचा कारभारही चार्जिंगसारखाच करून ठेवा. बॅटरी लवकर उतरेल, पण डाव एका चालीत होईल. ब्लूटूथचे इयरफोन लावून बॅटच्या आवाजावर टायमिंग धरू नका, तो आवाज उशिरानेच येतो.

फोनवरच्या गेमांबद्दल थोडक्यात. चेन्नईच्या नेक्स्ट वेव्हची वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप मालिका आणि नॉटिलसची रिअल क्रिकेट, दोन्ही भारतात बनलेल्या, दोन्ही साध्या फोनवर चालतात, आणि आज गावातली बहुतेक पोरं यातच आहेत. ॲनिमेशन मेहनतीने केलंय हे मान्यच करावं लागेल. पण फोनच्या काचेवर अंगठा ठेवला की खेळपट्टीचा कोपरा झाकला जातो, आणि फुकटच्या गेमचं पोट जाहिरातींवर आणि नाण्यांवर असल्याने त्याला तुम्ही लवकर सिक्स मारावी असंच वाटतं. त्या जगात बांगरला जागा नाही. असू दे. बसची वाट बघताना पाच षटकं, एवढंच काम त्याचं, आणि ते तो चोख करतो.

बांगर जिथे खरंच खेळू शकतो ती ऑस्ट्रेलियाच्या बिग अँट स्टुडिओजची मालिका. २०१४ चा डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ त्यातला पहिला आणि माझ्या मते सगळ्यात धाडसी, पुढे क्रिकेट १९, २२, २४ आले. तिथे गोलंदाजाच्या हाताकडे बघून लेंग्थ ओळखावी लागते, करिअरमध्ये फक्त आपल्याच खेळाडूची पाळी खेळता येते, आणि ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडला नाही तर कडा लागून झेल कीपरच्या हातात जाऊ शकतो. दोष तिथेही ढिगाने. मुख्य म्हणजे नवे भाग नवं मशीन मागतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांवर ते नसतं.

म्हणून आहे त्या ईए क्रिकेटलाच शिस्त लावायची. मित्रांत खेळताना हे नियम ठरवून बघा. सगळ्यात अवघड पातळी. नव्या चेंडूची पहिली १० षटकं हवेत फटका बंद, मारलाच तर तो गडी पुढच्या चेंडूला मुद्दाम बाद व्हायचा. वेगवान गोलंदाजाला पुढे सरसावून मारणं पूर्ण बंद, कारण या गेमची सगळ्यात मोठी पळवाट तीच आहे. गोलंदाजी करताना एकाच टप्प्यावर सलग दोन चेंडू टाकायचे नाहीत. टप्प्याच्या खुणेचं काय करायचं? सोपा उपाय, स्क्रीनच्या काचेवर खेळपट्टीचा मधला भाग झाकेल एवढी कागदाची पट्टी चिकटवा. हसू नका. दोन इंच रुंद, एक इंच उंच पट्टी पुरते, स्क्रीन आणि कॅमेऱ्याप्रमाणे थोडी कमी-जास्त करा. गोलंदाजाचा हात वर दिसला पाहिजे, बॅट खाली दिसली पाहिजे, टप्पा झाकला पाहिजे. पहिल्या दिवशी ३० च्या आत सगळे बाद व्हाल. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चेंडू सोडायला लागाल, कुणी न सांगता.

यावर दोन डाव लावून बघा, दोन्ही बीडचे. पहिला बांगरचा. रोस्टर एडिटरने एखाद्या सलामीवीराचं नाव बदला, आक्रमकता खाली आणा, इंग्लंडमधलं मैदान, ढगाळ हवा, गवत असलेली खेळपट्टी. लक्ष्य धावांचं ठेवू नका, २३६ चेंडूंचं ठेवा. मधली दृश्यं गाळली तर चेंडूला साधारण २० सेकंद लागतात, म्हणजे एका गड्याचेच ७९ मिनिटं, समोरच्याचे वेगळे. दुसरा सचिन धसचा. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ चं लक्ष्य आणि ४ बाद ३२. त्याने ९५ चेंडूंत ९६ केले, उदय सहारनबरोबर १७१ जोडल्या, आणि भारत २ गडी राखून जिंकला. गेममध्ये वनडेचा पाठलाग लावा, पहिले चार गडी मुद्दाम ३२ पर्यंत घालवा आणि मग पाचव्या जोडीने सुरू करा.

धसचा डाव पट्टी न लावताही जमेल, हा गेम त्याच्यासाठीच बनलाय. बांगरचा कुणाला जमला तर फोटो टाका, आणि २३६ पैकी सोडलेले किती तेही लिहा.